घाट टापमध्ये चढायचा होता

आबांच्या गाडीचं जुनं इंजिन यंदा उन्हाळ्यात बाहेर निघालं. मी केजहून माहेरी आले तेव्हा ते अंगणात कडुलिंबाखाली पोत्यावर ठेवलं होतं आणि त्याच्यावर एक कोंबडी निवांत बसली होती. मी कोंबडी हुसकली, खाली वाकले आणि वास घेतला. पेट्रोल, जळकं ऑईल, गंजलेल्या पाण्याची ओल आणि पार तळाला कुठंतरी मेंढरांच्या लोकरीचा वास. झालं, माझं सगळं लहानपण त्या पोत्यावर पडलं होतं. आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "सासरहून आलीस ती आधी इंजिनाच्या पाया पडलीस. आई हितं हुबी हाय."

ही गाडी आमच्याकडं कशी आली ते मला कधीच नीट कळलं नाही. आबांना विचारलं की ते दर वेळी वेगळीच हकीकत सांगायचे, आणि दर वेळी हकीकतीत त्यांचा भाव वाढलेला असायचा. आष्टीकडच्या एका पुढाऱ्याच्या पोरानं ती शर्यतीसाठी पुण्याहून आणली होती, एवढं मात्र सगळ्या हकीकतींत सारखं होतं. लाल, बसकी, दोनच दारांची. मागं धुराची दोन नळकांडी, आणि पुढं इतकं लांब नाक की वळणावर आधी नाक जायचं, मग सावकाश आम्ही. मेंढरं राखणाऱ्या माणसाला असली गाडी कशाला लागते, हा प्रश्न गावात पारावर बरीच वर्षं चालला. आबांचं उत्तर एकच होतं, की मेंढरांच्या मागं चालून चालून आयुष्य गेलं, आता जरा पुढं जाऊ द्या.

शर्यतीच्या त्या गाडीत मागच्या सीटवर आमची कोकरं बसायची. पावसाळ्यात जन्मलेलं एखादं अशक्त कोकरू डॉक्टरकडं न्यायचं असलं की आबा ते पोत्यात गुंडाळून माझ्या मांडीवर द्यायचे आणि स्टार्टर मारायचे. गाडी आधी घसा खाकरायची, मग गुरगुरायची, मग एकदम मोकळ्या आवाजात बोलायला लागायची. तो आवाज मला अजून पोटात जाणवतो. जाळीत कोंडलेली मेंढरं तो आवाज ओळखून माना वर करायची. ओल्या लोकरीचा, दुधाचा आणि पेट्रोलचा वास काचा बंद असल्या की असा दाटायचा की डॉक्टर आधी मलाच तपासायचे. मला मात्र जगात त्याहून चांगला वास माहीत नव्हता. आजही पेट्रोल पंपावर नवरा काच वर घेतो आणि मी माझ्या बाजूची खाली घेते.

सरळ रस्त्यावर तिला तोड नव्हती. चौसाळ्याच्या पुढं मोकळा रस्ता लागला की आबा टोपी मांडीवर ठेवायचे आणि टाप टाकायचे. टाप म्हणजे चौथा, शेवटचा गेर. लिंबाची झाडं सपासप मागं पडायची, आणि आई डोळे मिटून सगळ्या देवांची नावं घ्यायची. पण चढ दिसला की ह्या बाईसाहेबांचं अवसान गळायचं. आणि आईचं माहेर नेमकं घाटावर. आम्ही घाटाखाली, मामा घाटावर, आणि मधे गाढवलोळाचा घाट.

त्या घाटात गाडी पहिल्या वळणाला टापमधून तिसऱ्यावर यायची, दुसऱ्या वळणाला दुसऱ्यावर, आणि मग पहिल्यावर येऊन म्हातारीसारखी कण्हायची. अर्ध्या वाटेवर बाभळीखाली पाणी उकळून वाफ बाहेर पडायची. आबा बॉनेट उघडून कमरेवर हात ठेवून उभे राहायचे, आणि आम्ही उतरून रानात पळायचो. दिवाळीच्या आधी गेलो तर दोन्ही अंगाला सीताफळं. डोळे उघडलेलं, हाताला मऊ लागणारं सीताफळ फोडायचं आणि बिया दरीत थुंकायच्या. थंडीत बोरं असायची. उन्हाळ्यात काहीच नसायचं, नुसता तापलेल्या दगडांचा वास आणि लांब कुठंतरी होल्याचं घुमणं. मला वाटायचं, घाट म्हणजे थांबून खायची जागा. गाडी बिघडते म्हणून आपण थांबतो, हे मला लई उशिरा कळलं.

आबांचं दुखणं मात्र वेगळं होतं. मामा वडापची जीप चालवायचा. आत माणसं, टपावर माणसं, मागं लोंबकळणारी माणसं, आणि एवढं घेऊन तो घाट चढायचा. आमची वाफ निघालेली असायची आणि मामाची जीप वळणावर दिसायची. मामा तिथं मुद्दाम जीप हळू करायचा, खिडकीतून डोकं काढायचा आणि लई अदबीनं विचारायचा, "दाजी, पानी पायजे का?" जीपमधली सगळी माणसं आमच्याकडं बघायची. मेव्हणा जावयाची थट्टा करतो, ती रीतच आहे. पण आबांच्या कानाच्या पाळ्या गाडीच्या रंगाच्या व्हायच्या.

मग तो अधिक महिना आला. आमच्याकडं अधिकात जावयाला धोंडे जेवू घालतात, पुरण भरून उकडलेले, वरून तूप. तीन वर्षांनी एकदा येणारा मान. आबा नव्या धोतरात पाटावर बसले होते, ताट वाढलं होतं, बोट धोंड्याला लागलंही होतं. तेवढ्यात मामा हसत हसत म्हणाला, की आमच्यात पहिलं ताट टापमदी घाट चढणाऱ्याला वाढत्यात, पन दाजी पडले जावई, चालायचंच. सगळे हसले. आबाही हसले. मग त्यांनी बोट पुसलं, उठले आणि शांतपणे म्हणाले, "तर मंग मी टापमदी घाट चढूनच ह्या घरात जेवीन."

पुढचं काही विचारू नका. मामानं कान धरले, मामी रडली, घरातल्या थोरांनी मामाला चार शिव्या हासडल्या. आबांचा राग तर दुसऱ्या दिवशीच गेला होता, ते स्वतःच सांगायचे. पण शब्द गेला नव्हता. चार माणसांत तोंडातून निघालाय, आता तो माघारी घ्यायचा म्हणजे मिशा काढाव्या लागतील, असं म्हणायचे. आणि मिशा चांगल्या होत्या.

त्यानंतर आम्ही मामाकडं जायचो ते असे. आबा घाटाखालीच फडक्यात बांधून आणलेली भाकरी खाऊन घ्यायचे आणि वर ओट्यावर बसून नुसता चहा प्यायचे. चहा म्हणजे जेवण नव्हे, हे पहिल्याच खेपेला ठरलं. शेंगांवर मात्र मोठी मसलत झाली. भाजलेल्या शेंगा चालतील, पण त्याबरोबर गूळ घेतला तर ते जेवण, असा निकाल मामाच्या शेजाऱ्यानं दिला. आबांनी तो मानला आणि कितीतरी वर्षं गुळाकडं न बघता शेंगा खाल्ल्या. आम्हा पोरांना ह्याची इतकी मजा वाटायची की आम्ही घरी "जेवण कशाला म्हणावं" असा खेळच खेळायचो.

मजा नव्हती ती आईला. नवरा उपाशी बसलेला असताना बाई माहेरच्या पंगतीत कशी बसणार? ती स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभ्या उभ्याच चार घास खायची, ते पण मामीनं हातात कोंबले तर. बाकीच्या लेकी माहेरी येऊन आडव्या पडून जेवतात, अंगावर मांस चढवून सासरी जातात. आमची आई माहेरून वाळून यायची. ती कधी भांडली नाही. फक्त घाट उतरताना ती खिडकीतून बाहेर बघत बसायची आणि आबा उगीचच मोठ्यानं इंजिनाबद्दल बोलायचे.

इंजिनाबद्दल आमच्या घरात जेवढं बोललं गेलं तेवढं पावसाबद्दलही गेलं नसेल. संध्याकाळी चौसाळ्याहून रज्जाकभाई मिस्त्री यायचा आणि आबांबरोबर जेवायला बसायचा. दोघांच्या ताटांत गाडीचा सगळा नकाशा मांडला जायचा. भाकरी म्हणजे फ्लायव्हील. कांद्याच्या पाकळ्या म्हणजे क्लचप्लेटी. हिरवी मिरची पिठल्यात उभी रोवली की तो गेरचा दांडा. रज्जाकभाई बोटानं पिठल्यात रेघ ओढून सांगायचा, "आबा, हितून दुसरा कार्बोरेटर सोडला ना, तो फिर घाट क्या चीज हाय." आबा म्हणायचे, नको, आधी गेरपेटी पाच गेरची बसवू. मग पाचवा गेर टाप म्हणायचा का चौथा, ह्यावर वाद. मग इंजिन खोदून मोठं करायचं, का मोठंच आणायचं. आई तव्यावरून नवी भाकरी टाकायची आणि म्हणायची, आधीचं फ्लायव्हील गार झालं, ते खावा.

दरवर्षी खंडेनवमीला गाडी धुतली जायची. झेंडूच्या माळेचा कडू वास, हळद, कुंकू, उदबत्ती, आणि चाकापुढं फुटलेल्या नारळाचं पाणी. आबा बॉनेट उघडून आत कुंकू लावायचे आणि इंजिनाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, की पुढच्या खंडेनवमीला तुझ्या जागी दुसरं असणार हाय. इंजिनाला ह्याचं काही वाटायचं नाही. कधी चाऱ्याची ओढ, कधी माझ्या धाकट्या भावाची शाळा, कधी माझं लग्न. इंजिन होतं तिथंच राहिलं. माझा नवरा पहिल्यांदा आमच्याकडं जेवायला बसला आणि त्यानं न बोलता तीन वेळा वाढून घेतलं, तेव्हा आई भिंतीकडं तोंड करून डोळे पुसत होती. तो बिचारा घाबरला, म्हणाला, जास्त झालं का?

दिवस गेले म्हणजे काय, तर सगळंच थकलं. मेंढरं कमी झाली. आबांची मान आखडली, ती आता फिरत नाही. मागं बघायचं तर अख्खा माणूस वळवावा लागतो. घाटाला पलीकडून नवा चौपदरी रस्ता झाला आणि जुना घाट ओस पडला. आबांना वाटलं असतं तर नव्या रस्त्यानं ते सहज टापमध्ये वर गेले असते, पण त्याला ते घाट म्हणत नाहीत, उतरण म्हणतात. गाडीचं इंजिन गेल्या पावसाळ्यात जाम झालं ते झालंच. आणि घाटावर मामाची जीप, पत्रा सडून, चिंचेखाली उभी होती. इंजिन मात्र ठणठणीत.

मामानंच निरोप धाडला, की दाजींना म्हणावं माझ्या जीपचं इंजिन, गेरपेटी, मागच्या चाकांचा धुरा, सगळं काढून न्या, पण एकदा जेवा. आबा भडकले. ज्या इंजिनानं जन्मभर खाली बघायला लावलं, तेच माझ्या गाडीत? शर्यतीच्या गाडीत वडापचं डिझेल? रज्जाकभाईनंही मान हलवली, कारण त्याला अजून दुसरा कार्बोरेटर सोडायचा होता. तेव्हा आई मधे आली. ती जेवण वाढत नव्हती, नुसती समोर येऊन बसली, तेव्हाच त्या दोघांना कळायला पाहिजे होतं.

"अधिक लागलाय," ती म्हणाली. "तीन वर्सांनी कोन असंल, कोन नसंल. मला माझ्या माहेरात तुमचं ताट वाढायचंय. इंजिन कुनाचंबी असू द्या."

आबांनी मिशा चोळल्या. मग रज्जाकभाईला म्हणाले, कवा येतूस काम करायला?

म्हणून ते पोत्यावरचं इंजिन, आणि म्हणून मी आले होते. काम महिनाभर चाललं. महिनाभर अंगणात डिझेलचा वास होता, आणि त्याच्यावर आईच्या पुरणाचा, कारण माझ्या नवऱ्याचेही धोंडे व्हायचे होते. जीपचा धुरा गाडीखाली बसेना. स्प्रिंगा ज्या जागेवर टेकतात ती बैठक जीपला धुऱ्याच्या खाली, आमच्या गाडीला नेमकी वर. रज्जाकभाईनं दोन दिवस डोकं खाजवलं. अधिक संपत आला होता, उद्या अमावस्या. शेवटी त्यानं अख्खा धुरा उलटा केला, खालची बाजू वर, आणि तो खटकन बसला. रज्जाकभाई इतका खूश झाला की त्यानं आईकडं चहाऐवजी दूध मागितलं.

नारळ फुटला. चाकांखाली लिंबं ठेवली. आबा बसले, टोपी मांडीवर घेतली, पहिला गेर टाकला आणि क्लच सोडला. गाडी भस्सकन मागं गेली आणि कडब्याच्या गंजीत शिरली. आम्हाला वाटलं गेर चुकला. आबांनी परत बघून टाकला. गाडी गंजीत अजून आत गेली. मग त्यांनी मागचा गेर टाकला, आणि गाडी पेंढ्या अंगावर घेऊन ऐटीत पुढं आली.

रज्जाकभाई खाली सरपटत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मला वाटतं, त्याला यायचंच नव्हतं. शेवटी पाय दिसले, मग पोट, मग तोंड. धुरा उलटा बसल्यामुळं चाकं उलटी फिरत होती. चारही गेर मागं, आणि पुढं जायला एकच. सरळ करायला दोन दिवस लागतील, तो म्हणाला, आणि आमच्या कुणाकडं न बघता कापडानं हात पुसत राहिला. ज्या कापडानं पुसत होता ते माझ्या लग्नातलं होतं, पण तेव्हा कोण बोलणार.

आईनं पदर डोक्यावरून नीट केला आणि आत निघाली. 

"रज्जाक," आबा गाडीतूनच म्हणाले, "टाप पडतोय न्हवं?"

"पडतोय, आबा. पन मागं."

"मंग घाट पन मागंच चढू."

आम्ही सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. पण ते गाडीतून उतरेनात, आणि आई मात्र दारातून परत फिरली, येऊन शेजारच्या सीटवर बसली आणि तिनं दार ओढून घेतलं. आता उरला प्रश्न मागं बघायचा. आबांची मान वळत नाही. तेव्हा मी कोकरांच्या सीटवर गुडघे टेकून, मागच्या काचेला नाक लावून बसले. डावं-उजवं मी सांगायचं, फिरवायचं आबांनी.

घाटाच्या पायथ्यापर्यंत आम्ही त्या एका पुढच्या गेरवर रडत रडत गेलो. तिथं गाडी वळवून तिची पाठ घाटाकडं केली. खालच्या सपाटीवर आबांनी पहिला टाकला, दुसरा, तिसरा आणि मग टाप. गाडी पाठमोरी सुटली. मी ओरडत होते, डावीकडं आबा, अजून डावीकडं, आता सोडा. रस्त्यात दगड, गवत, दोन्ही बाजूंनी सीताफळीच्या फांद्या आत आलेल्या, त्या काचेवर सटासट लागत होत्या. बाभळीखाली एक गुराखी शेळ्या घेऊन बसला होता, तो उठून उभा राहिला आणि त्यानं हात जोडले. मला हसू आवरत नव्हतं आणि दोन्ही हातांनी मी सीटची पाठ घट्ट धरली होती.

जन्मभर आम्ही तो घाट समोरून येताना बघितला होता. आज तो आई-आबांच्या डोळ्यांपुढून लांब जात होता. आईनं एकदाही देवाचं नाव घेतलं नाही. ती खाली बघत होती, आणि मला ऐकू आलं, ती आबांना दाखवत होती, की ते बघा आपलं घर, ती विहीर, ते लिंबाचं झाड, किती बारीक दिसतंय सगळं. आबा म्हणाले, मला पुढं बघून गाडी चालवू दे. मग दोघंही हसले. त्या दोघांना असं बरोबर हसताना मी कधी ऐकलं होतं, मला आठवत नाही.

शेवटच्या वळणावर इंजिन दमलं. घड घड करत सगळी गाडी हादरायला लागली, आणि मी मान वळवून बघितलं, आबांचा हात गेरच्या दांड्याकडं गेला. जन्माची सवय ती. आईनं त्या हातावर आपला हात ठेवला आणि दाबून धरला.

"हात लावू नका," ती म्हणाली. "चढंल ती."

आणि बाईसाहेब चढल्या.

वर मामा काठी टेकून रस्त्यात उभा होता. गाडीचं ढुंगण आधी आलं, मग मी काचेला चिकटलेली, मग सगळ्यात शेवटी ते लांब नाक. आबा उतरले आणि मामासमोर जाऊन उभे राहिले. जे झालं ते त्यांनी स्वतःच सांगितलं, काही लपवलं नाही. उलटं चढलोय, मंजूर नसंल तर आत्ता सांगा, मी चहा पिऊन खाली जातो. मामानं गाडीकडं बघितलं, आबांकडं बघितलं. त्याचे ओठ थरथरत होते, थट्टेसाठी की कशासाठी, मला कळेना.

"मी टापमदी म्हनलो होतो, दाजी," मामा म्हणाला. "तोंड कुनीकडं करून, ते कुठं म्हनलो होतो? चला, ताट निवतंय."

ताट आईनंच वाढलं. आबांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि मामीला विचारलं, हे असलं चांगलं असतं, मला इतक्या वर्सांत कावून कुनी सांगितलं न्हाई?  मामा ताटाला हात न लावता त्यांच्याकडं बघत बसला होता.

आईचं वाढून झालं आणि ती स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन टेकून उभी राहिली. आबांनी वर बघितलं, आपल्या शेजारचा रिकामा पाट हातानं ओढून सरळ केला आणि म्हणाले, "बस."

ती बसली. मामीनं ताट आणलं. आई जेवली, मान खाली घालून, सावकाश, एकेक घास चावून. पंगतीतले बाकीचे हात धुऊन उठायला लागले तरी ती जेवतच होती, आणि आबा उष्टा हात तसाच ठेवून तिच्यासाठी बसून राहिले. मग तिनं ताट पुढं केलं.

"अजून एक वाढ गं वैनी," ती म्हणाली. "लई वर्सांची भूक हाय."